पतसंस्थेला गोदाम कशाला?

जम बसलेल्या संस्थेत नवी कल्पना कोणाच्या हाती सोपवायची, हा जुना पेच आहे. मुख्य कारभारात ठेवली तर ती रोजच्या कामाखाली दबते, वेगळी काढली तर तिला कोणी आपली म्हणत नाही. कोडॅकमध्ये 1975 सालीच डिजिटल कॅमेरा तयार झाला होता, पण फिल्मवर पोसलेल्या कारभाराला तो परवडणारा नव्हता. 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून नव्या कामाला छप्परच वेगळं द्या, असं व्यवस्थापनाचे अनेक अभ्यासक सांगतात. बुलढाण्यात पाहिलं तर वाटतं, छप्पर वेगळं असो, खातेवही एकच हवी.

राधेश्याम चांडक यांनी 1986 मध्ये सुरू केलेली बुलडाणा अर्बन ही मुळात पतसंस्था. ठेवी घ्यायच्या, कर्ज द्यायचं. तिने गोदामं उभारली तेव्हा हा भलताच धंदा वाटावा. पण कर्ज देणाऱ्याची खरी अडचण तारणाची असते. कोरडवाहू शेतकऱ्याकडे सुगीत माल असतो, पैसा नसतो. सोयाबीनची आवक वाढून भाव पडतो आणि उधारीच्या तगाद्यापायी त्याच भावात विकावं लागतं. गोदामात पोती काट्यावर चढतात, ओलावा तपासतात, थप्पी लागते, पावती मिळते आणि त्या पावतीवर कर्ज. गोदाम इथे जोडधंदा राहत नाही, ते कर्जखात्याचाच भाग होतं.

यात नवं काय, असं कोणी विचारेल. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहेच, बाजार समित्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज देतात. खरं आहे, पण समितीचं मुख्य उत्पन्न खरेदी-विक्रीवरच्या बाजार फीचं. थांबलेला माल तिला आज ती फी देत नाही. पतसंस्थेला मात्र तोच माल भाडं आणि व्याज देतो. कल्पना एकच, फरक ती कोणाच्या पोटापाण्याशी जोडली याचा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: असे फाटे फुटले तर ठेवीदाराचा पैसा धोक्यात येतो. भाव पडला की तारणही आटतं. 2024-25 च्या हंगामात सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली विकलं गेलं, तेव्हा भाव चढेल म्हणून थांबलेल्याच्या डोक्यावर व्याज तेवढं चढलं. शिवाय हीच संस्था शाळा आणि भक्तनिवासही चालवते. ती कामं चांगली असतील, पण गोदामाचा युक्तिवाद त्यांना लागू पडत नाही. तेव्हा ठेव कोणत्याही पतसंस्थेत असो, वार्षिक सभेत नव्या उपक्रमाला हात वर करण्याआधी सभासदाने एवढं विचारावं: याने आपल्या कर्जाची वसुली सोपी होणार की अवघड?