लाभाचे खाते, दानाचे खाते

दीपावलीला वहीपूजन करताना आपण शालिभद्राची ऋद्धी आणि कयवन्ना शेठांचे सौभाग्य मागतो. 1864 साली ही मागणी मुंबईच्या साऱ्या बाजाराला जणू एकदमच फळली होती. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. ज्यांनी अमेरिका नकाशावरही पाहिली नव्हती, ते तिच्या रक्तपातावर श्रीमंत झाले. (आपले सुदैव पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या दुर्दैवातून येते, हे आपण सोयीने विसरतो.)

त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते सुरतेचे श्रावक प्रेमचंद रायचंद. बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन काढू पाहणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा समभाग पन्नास हजारांवर गेला. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले आणि कापूस गडगडला. 1 जुलैला वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हा देण्याची ऐपत फार थोड्यांत उरली होती. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. शेठजींचेही दिवाळे निघाले.

मात्र आदल्याच वर्षी त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मातोश्री राजाबाईंच्या नावे मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. वर्षभर विचार करीत बसले असते, तर देण्यास काही उरलेच नसते. त्या दानाने सट्ट्याचा दोष धुऊन निघाला, असे मी म्हणणार नाही. त्या पडझडीत अनेकांची आयुष्यभराची पुंजी गेली.

आपल्या कर्मसिद्धान्तात अंतराय कर्माचे पाच भेद आहेत. त्यांत लाभांतराय निराळा आणि दानांतराय निराळा. धन मिळण्यातील अडथळा दूर झाला, म्हणून ते हातून सुटण्यातील अडथळाही दूर होतो असे नाही. हे निरीक्षण मला नेहमीच एखाद्या मुरलेल्या व्यापाऱ्याचे वाटत आले आहे. आपण पत्रिका दाखवतो ती लाभाकरिता. दानांतराय केव्हा टळेल, असे ज्योतिषाला कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

मनोऱ्याची पायाभरणी 1869 साली झाली, तेव्हा दात्याचे वैभव ओसरले होते. 1878 साली तो पूर्ण झाला. राजाबाईंची दृष्टी अधू झाली होती. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ त्यांना टोल्यांवरून कळावी, म्हणून हे घड्याळ, असे सांगतात. शेठजी पुढे अठ्ठावीस वर्षे जगले. ते टोले त्यांनीही ऐकले असतील.