मुलाचा ताबा आणि न्यायाची किंमत

पती-पत्नी विभक्त झाली की भांडीकुंडी, दागदागिने यांची वाटणी करता येते. मुलाची करता येत नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचे हित हाच निर्णयाचा निकष ठरविला. हक्क आईचा की बापाचा, यापेक्षा मुलाचे भले कशात, हा प्रश्न मोठा मानला गेला.

परंतु हे हित न्यायालयापुढे मांडायचे कोणी? १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार पक्षकाराला हक्क म्हणून वकील देता येत नाही. न्यायालयाची परवानगी लागते. वादाला कज्जेदलालीचे रूप येऊ नये, समेटाला वाव मिळावा, हा त्यामागील हेतू स्तुत्यच होय. मात्र ज्याच्यापाशी पैसा आहे तो न्यायालयाबाहेर सल्ला विकत घेऊन, कागदपत्रे जुळवूनच आत येतो. ज्याच्यापाशी नाही, तो रिकाम्या हाताने उभा राहतो.

ही विषमता दूर करण्यासाठीच १९७६ मध्ये घटनेत ३९-अ हे कलम आले आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ अन्वये स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. इतर पुरुषांना सामान्यतः उत्पन्नाची मर्यादा लागू होते. म्हणजे केवळ मोलकरीणच नव्हे, तर शिक्षिका वा कारकून स्त्रीही त्यास पात्र आहे. तालुका समितीकडे अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर चौकशीही करता येते.

तथापि वकिलाची फी हा खर्चाचा एक भाग झाला. पालकत्वाचा अर्ज मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. मूल सासरी ठेवून घेतले गेले आणि आई माहेरी परतली, तर प्रत्येक तारखेला एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी तिलाच गमवावी लागते. शिवाय वेळही खर्ची पडतो. वर्ष-दीड वर्षात मूल नव्या शाळेत, नव्या घरात रुळते. मग त्याला तेथून उपटून काढणे न्यायालयालाही कठीण वाटते. अशा दाव्यांत विलंब हाच पुष्कळदा निकाल ठरतो.

म्हणून साहाय्य पहिल्याच दिवशी मिळाले पाहिजे. तात्पुरता ताबा व भेटीची वेळ यांसाठीचा अर्ज मुख्य दाव्याबरोबरच दाखल झाला पाहिजे. मोफत वकिलाचा मेहनताना वाजवी असावा आणि लांबून येणाऱ्या गरीब पक्षकाराचा प्रवासखर्चही विधी साहाय्यात धरला जावा. सरकारी तिजोरीवर याचा भार पडेल, हे खरे. पण तो भार आज उचलला जात नाही असे नाही. तो लहान मूल उचलते, आणि त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.