वृद्धाश्रमातील सेवा : दान आणि नेम

नागपूर–इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याच्या पुढे तिगाव हे लहानसे स्थानक आहे. संत्र्यांच्या व कापसाच्या या मुलुखात वडीलधारी माणसे घरच्या ओसरीवरच म्हातारी होत आली. वृद्धाश्रम हा शब्द गावास परकाच होता. परंतु मुले नोकरीनिमित्त नागपूर-पुण्यास गेली, ओसऱ्या रिकाम्या झाल्या आणि तो शब्द आमच्याही बोलण्यात येऊ लागला. 2011 च्या जनगणनेत देशातील साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक भरली. तेव्हा हा प्रश्न एकट्या तिगावचा नव्हे.

वृद्ध मातापित्यांचा निर्वाह मुलांनी चालवावा, असे बंधन 2007 च्या कायद्याने घातले. प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य शासनास स्थापता यावा, अशी तरतूदही त्यात आहे. आमचा पांढुर्णा जिल्हा तर 2023 साली अस्तित्वात आला. भिंती शासन उभारील, दाते उभारतील. आतील माणसांस सोबत कोणी द्यावी, हे मात्र कायदा सांगू शकत नाही.

व्यापाऱ्यास दानधर्म नवा नाही. पुण्याच्या नवी पेठेतील ‘निवारा’ ही वृद्धांस आसरा देणारी संस्था, बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले व्यापारी डेव्हिड ससून यांच्या औदार्यातून 1860 च्या दशकात उभी राहिली. असे दान थोरच होय. पण दान जेथे पुरे पडत नाही ती जागा आम्हांस नागपुरातील एका वृद्धाश्रमात दिसली.

वडिलांच्या पुण्यतिथीस आम्ही तेथे पेढ्यांचे पुडे वाटले. अनेकांनी पुडा न उघडता उशाशी ठेवला. त्यांस मधुमेह होता. आम्ही आधी विचारलेच नव्हते. जिनिंगमध्ये आयुष्य घालविलेले एक आजोबा निघतेवेळी म्हणाले, “पुढच्या रविवारी येणार ना?” आम्ही होकार दिला आणि धंद्याच्या गडबडीत विसरलो. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा कळले, की ते तीन रविवार फाटकाजवळच्या बाकावर बसून होते. या खेपेस त्यांनी काहीच विचारले नाही.

तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार आम्ही चुकविलेला नाही. काम साधेच असते : कोणाचा मोडका चष्मा दुरुस्त करून आणणे, कोणाच्या मुलास फोन लावून देणे, निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याची आठवण करणे, सूर्यास्तापूर्वी जेवणारे कोण ते स्वयंपाकघरात सांगणे. व्यवस्थापकांस विचारल्यावाचून खाऊ वा औषध द्यावयाचे नाही आणि कोणाच्या पैशाच्या कागदास हात लावावयाचा नाही, एवढी पथ्ये पाळतो. त्या आजोबांनी पुढे आम्हांस कापसाचे तंतू चिमटीत ओढून त्यांची लांबी पारखावयास शिकविले. घेणारे आम्हीच ठरलो.

व्यापारी बंधूंनो, गिऱ्हाईक दारातून परत जाऊ नये म्हणून दुकान उघडण्याची वेळ आपण कटाक्षाने पाळतो. महिन्यातील दोन तास तोच नेम वृद्धाश्रमासाठी पाळावा. देणगीची पावती मागाहूनही फाडता येईल. बाकावर वाट पाहत बसलेल्या माणसाचा रविवार मात्र मागाहून देता येत नाही.