दारचा वाल, कुंपणावरची गोकर्ण



मृगाचा पाऊस पडला की आपल्या डोक्यात एकच विषय असतो, पेरणी. बियाणं आणायचं, खत आणायचं, औत सांगायचं. त्या गडबडीत दारापुढची दोन हात जागा मात्र तशीच राहते. आज आम्ही त्या दोन हात जागेबद्दल बोलणार आहोत. तिथं वालाचा वेल लावायचा.

वाल म्हणजे आपल्या नेहमीच्या वालाच्या शेंगा. कुणी घेवडा म्हणतं, खाली साताऱ्या-कोल्हापुराकडं त्याचाच भाऊ पावटा म्हणून ओळखला जातो, कोकणात त्याच्या डाळिंब्या करतात. यात दोन प्रकार आपल्या गावांत सहज दिसतात. एक पांढऱ्या फुलाचा, हिरव्या शेंगांचा. दुसरा जांभळा: देठ जांभळा, फुलांचे तुरे जांभळे, शेंगेची कडही जांभळी. अमेरिकेत आणि युरोपात लोक हा जांभळा वाल केवळ शोभेसाठी फाटकावर चढवतात. आपल्याला शोभाही हवी आणि कोरड्यासही हवं, म्हणून आम्हाला हा वेल जास्त आवडतो.

आता हा वेल बीडच्या घरासाठीच का, ते ऐका. वालाच्या जुन्या गावरान वेलाला दिवस लहान व्हावे लागतात, तेव्हाच तो फुलावर येतो. जूनमध्ये लावा नाहीतर जुलैच्या शेवटी लावा, पावसाळाभर तो नुसता पाला वाढवतो. बऱ्याच जणी इथंच कंटाळतात आणि वेल वांझ निघाला म्हणून उपटून टाकतात. तसं करू नका. दसरा-दिवाळीच्या सुमारास तुरे दिसू लागतात आणि थंडीभर शेंगा लागतात.

आणि नेमक्या याच दिवसांत आपली अर्धी गावं रिकामी होतात. उचल घेतलेली असते, मुकादमाचा निरोप येतो आणि कोयते कारखान्याला निघतात. मागं राहतात सासू-सासरे आणि शाळेतली लेकरं. काही गावांत हंगामी वसतिगृह चालतं, काही ठिकाणी सगळा भार आजीवरच. म्हाताऱ्या माणसाला बाजाराच्या गावाला जाणं होत नाही. मग रोज भाकरी आणि चटणी, फार तर बेसन. पट्टा पडून आईबाप येईपर्यंत ताटात हिरवं काही नसतं. जायच्या आधी चार महिने लावलेला वेल याच काळात शेंगा देतो. आजीला दारातून उठून फक्त तोडायच्या असतात. आमच्या गटात ज्या बहिणी तोडीला जातात, त्यांना आम्ही म्हणूनच दरवर्षी आधी बी देतो.

लावायची रीत सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. निम्मं मुरलेलं शेणखत, निम्मी माती, वर ओंजळभर चुलीची राख. बालाघाटच्या मुरमाड जमिनीत खड्डा थोडा मोठा घ्या. गेवराई-माजलगावकडच्या काळ्या रानात पाणी साचतं, तिथं खड्डा भरून वर उंचवटा करा, नाहीतर बी कुजतं. तीन-चार बिया बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोल टोचा. उगवल्यावर जोमदार दोन ठेवा. युरिया अजिबात टाकू नका. वालाच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतलं नत्र स्वतःच धरतात. वरून युरिया दिला की पाला माजतो आणि फूल लांबतं.

पाण्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. खड्डा न्हाणीच्या वाटेला घ्या. अंघोळीचं, भांडी विसळल्याचं पाणी त्याला पुरतं. साबण-सोड्याचं दाट पाणी मात्र सोडू नका. मूळ खोल जातं, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी वेल तग धरतो. बुडाशी तुरीचा भुसा नाहीतर वाळका पाला पसरला की ओल टिकते.

मांडवाला पऱ्हाटी, तुराट्या, जुनी दोरी, काहीही चालतं. पण वेल भिंतीला चिकटून चढवू नका. भिंतीपासून दोन-तीन हात सोडून मांडव करा आणि बुड झाडून स्वच्छ ठेवा. पाल्यात जनावर येतं म्हणून घरचे नको म्हणतात, त्यात तथ्य आहे. अडगळ आणि उंदीर असले की सापही येतो.

थंडीत तुऱ्यांवर काळा मावा बसतो. आधी मुंगळ्यांची रांग दिसते, ती दिसली की समजा. सुरुवातीला तेवढा शेंडा खुडून टाका. जास्त असेल तर पाव किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, एकूण पाच लिटर पाणी करा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी शिंपडा. खायच्या वेलावर शेतातलं कपाशीचं औषध उरलंय म्हणून मारू नका. शेंगा लेकरांच्या पोटात जाणार आहेत.

शेंग कोवळी असताना तोडा, तुरा मोडू नका, कारण वर अजून कळ्या असतात. वाळलेले वाल खायचे असतील तर रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात चांगले शिजवा आणि तेही पाणी टाकून द्या. वाळल्या दाण्यात विषारी अंश असतो, कच्चे दाणे लेकरांना चघळू देऊ नका.

कुंपणावर नुसत्या फुलांसाठी गोकर्ण लावा. निळी आणि पांढरी, दोन्ही देवाला चालतात. बीचं साल टणक असतं, म्हणून खरबरीत दगडावर थोडं घासून रात्रभर भिजवून टोचा. एकदा धरली की वर्षानुवर्षं टिकते.

एक वेल मात्र दारात नको, गुंजेचा. लाल-काळं बी दिसायला सुंदर, पण फोडून चावलं तर जिवावर बेततं. जिथं असेल तिथं लहान मुलांना आवर्जून दाखवून सांगा.

आता बियाणं. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाणं जपलं, त्यात वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार आहेत. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी जे केलं त्याची सुरुवात घरच्या परसातूनच झाली. आपणही वेलावरच्या पहिल्या, भरदार दहा-बारा शेंगा चिंधी बांधून राखा, त्या खायच्या नाहीत. वेलावरच वाळू द्या, सोला, दोन दिवस उन्हात ठेवा आणि राखेत मिसळून कोरड्या डबीत भरा. दुकानातलं बुटकं बी वाईट नाही, लवकर येतं, पण थोड्याच दिवसांत झाड संपतं. दारच्या मांडवाला गावरानच हवं.

ज्यांना बी हवं त्यांनी गटाच्या बैठकीला येताना रिकामी डबी आणा. जांभळं आणि पांढरं आम्ही वेगळं ठेवलंय. घरी लावतानाही दोन वेल लांब-लांब लावा, भुंगा एका फुलावरून दुसऱ्यावर जातो आणि बी मिसळतं. पुढच्या पावसाला प्रत्येकीनं घेतलं त्याच्या दुप्पट परत आणायचं, एवढीच आपली वसुली.