दुःख कळण्याचे वय

ॲनिमेशनपट म्हटला की तो लहान मुलांचाच, अशी समजूत पक्की असल्यामुळे, एखादा ॲनिमेशनपट नेमक्या किती लहान मुलांसाठी आहे, हा प्रश्न तिकीट काढताना सहसा कोणी विचारत नाही. पिक्सार या अमेरिकी स्टुडिओने २०१५ मध्ये प्रदर्शित केलेल्या ‘इनसाइड आउट’च्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही, कारण या चित्रपटाची पात्रे तीन वर्षांच्या मुलालाही आवडावीत अशी रंगीत आणि गोंडस असली, तरी त्याचा गाभा ज्या विचारावर उभा आहे तो समजण्याची कुवत मुलांच्या मनात बरीच उशिरा तयार होते. पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केलेल्या या सुमारे दीड तासाच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले, २०२४ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, आणि मुलांना भावनांविषयी काही शिकवावे असे वाटणाऱ्या पालकांच्या व शिक्षकांच्या यादीत तो आज हमखास असतो. म्हणूनच तो कोणत्या वयाच्या मुलाला काय देतो, हे जरा बारकाईने पाहायला हवे.

रायली ही ११ वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला राहायला येते. जुने घर, मैत्रीण आणि आइस हॉकीचा संघ मागे राहतो. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी तिला सर्वांदेखत रडू येते. आणि अखेर ती आईचे क्रेडिट कार्ड चोरून एकटीच जुन्या गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये जाऊन बसते. बाहेर घडते ते एवढेच. उरलेला चित्रपट तिच्या डोक्यात घडतो, जिथे जॉय म्हणजे आनंद, सॅडनेस म्हणजे दुःख, अँगर म्हणजे राग, फिअर म्हणजे भीती आणि डिसगस्ट म्हणजे किळस अशी पाच पात्रे एका नियंत्रण-फलकाभोवती उभी राहून तिचे वागणे ठरवत असतात. प्रत्येक अनुभवाचा एक चमकता गोळा तयार होतो आणि त्या क्षणी जी भावना प्रबळ असेल तिचा रंग त्या आठवणीला चढतो: आनंदाचा पिवळा, दुःखाचा निळा, रागाचा लाल, भीतीचा जांभळा, किळसेचा हिरवा.

ही पाचांची निवड मनाला येईल तशी केलेली नाही. चित्रपटासाठी पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर या दोन मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला गेला होता. एकमन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमध्ये चेहऱ्यावरील हावभावांचा अभ्यास केला आणि काही भावना सर्व मानवजातीत सारख्याच हावभावांतून प्रकट होतात, असे प्रतिपादन केले. या भावनांना ‘मूलभूत भावना’ म्हणतात. त्यांच्या यादीत आश्चर्यही होते, पण पडद्यावर ते भीतीच्या फार जवळ जाते म्हणून गाळले गेले. मराठी वाचकाला येथे भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील आठ स्थायी भाव आठवल्यावाचून राहणार नाहीत, कारण रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय या यादीत चित्रपटातील चार भाव जसेच्या तसे आहेत आणि हासाच्या रूपाने पाचवाही जवळपास आहेच.

या मांडणीवर शास्त्रीय आक्षेपही आहेत. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांच्या मते भावना जन्मतः तयार संचात मिळत नाहीत, तर शरीरातील संवेदनांना मेंदू पूर्वानुभव, भाषा आणि संस्कृती यांच्या आधारे अर्थ देतो व त्यातून भावना घडते. चित्रपटातच याचा एक नकळत पुरावा सापडतो. छोट्या रायलीला ब्रोकोलीची किळस येते, परंतु जपानमधील मुले ती आवडीने खातात म्हणून जपानी आवृत्तीत तिच्या जागी हिरवी ढोबळी मिरची दाखवावी लागली. किळस सर्वत्र असली तरी ती कशाची यावी हे मूल शिकते.

मुलांच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. चित्रपटाचे सांगणे असे की दुःख ही टाळण्याची गोष्ट नसून तिचे स्वतःचे एक काम आहे: माणूस दुःखी दिसला की जवळची माणसे धावून येतात. हे सांगताना कथा शेवटी अशा एका आठवणीपाशी पोहोचते जिच्या गोळ्यात पिवळा आणि निळा हे दोन्ही रंग एकत्र आहेत. यालाच मानसशास्त्रात मिश्र भावना म्हणतात, म्हणजे एकाच गोष्टीविषयी एकाच वेळी परस्परविरोधी वाटणे. सुसान हार्टर यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून असे दिसले की लहान मुले दोन भावना एकाच वेळी असू शकतात हेच आधी मान्य करत नाहीत, नंतर त्या एकापाठोपाठ येतात असे मानतात, आणि एकाच गोष्टीने आनंद व दुःख एकदमच होऊ शकते, हे त्यांना दहा-अकराव्या वर्षाच्या सुमारास स्पष्ट सांगता येते. फ्रान्सिस्को पॉन्स, पॉल हॅरिस आणि मार्क द रॉझने यांनी २००४ मध्ये भावनांच्या आकलनाचे जे टप्पे मांडले, त्यांतही पाचव्या वर्षाच्या आसपास मुलाला भावनांची बाहेरची कारणे व चेहरे कळतात, सातव्या वर्षाच्या आसपास मनातली भावना चेहऱ्यावर लपवता येते हे उमगते, आणि मिश्र भावनांची जाण नऊ ते अकरा या वयात येते.

योगायोगाने या विषयावरचा एक सुंदर प्रयोग ॲनिमेशनपटावरच झालेला आहे. जेफ लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५ ते १२ वर्षांच्या मुलांना ‘द लिटिल मरमेड’ या चित्रपटातील, बाप आणि लेक एकमेकांचा निरोप घेतात तो प्रसंग दाखवून नंतर काय वाटले ते विचारले, तेव्हा आनंद आणि दुःख दोन्ही वाटल्याचे सांगणारी मुले मोठ्या वयाची असण्याची शक्यता अधिक होती. लहानांना प्रसंग भिडला नाही असा याचा अर्थ नाही. त्यांना जे वाटले त्यात दोन रंग आहेत हे त्यांना ओळखता आले नाही.

हे ध्यानात घेतले तर पाच वर्षांचे मूल ‘इनसाइड आउट’मध्ये काय पाहते, याचा अंदाज येतो आणि तो थोडा अस्वस्थ करणारा आहे. त्याच्या लेखी सॅडनेस ही सगळे बिघडवणारी निळी बाई असते. ती ज्या आनंदी आठवणीला हात लावते ती निळी पडते, आणि जॉय तिला जमिनीवर खडूने एक वर्तुळ आखून देऊन त्याच्या आतच उभे राहायला सांगते. प्रौढ प्रेक्षकाला त्या वर्तुळातली चूक तेव्हाच खटकते. लहान मुलाला मात्र जॉयचे म्हणणे पटते, कारण ती नायिका आहे आणि घरीही त्याला रडू नकोस असेच सांगितले जाते. कथा ही चूक शेवटच्या भागात दुरुस्त करते, पण ती दुरुस्ती दोनरंगी गोळ्यातून होते, म्हणजे नेमकी त्या वयाच्या आवाक्याबाहेरच्या भाषेत. प्रत्यक्ष निर्मात्यांनाही हा विचार सहज सुचला नव्हता. नियंत्रण-फलकापासून दूर हरवलेल्या जॉयच्या प्रवासात सोबतीला मुळात फिअर हे पात्र होते आणि काही वर्षे काम झाल्यावर डॉक्टर यांनी त्याच्या जागी सॅडनेसला आणले.

तरीही चित्रपट लहानांसाठी वाया जातो असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण हाच विचार त्यात आणखी एकदा, आणि अगदी साध्या कृतीतून, मांडलेला आहे. रायलीचा बालपणीचा काल्पनिक मित्र बिंग बाँग याची खेळण्यातली रॉकेट-गाडी विस्मरणाच्या दरीत ढकलली जाते आणि तो हताश होऊन बसतो. जॉय त्याला हसवण्याचा, गुदगुल्या करण्याचा, लक्ष दुसरीकडे वळवण्याचा प्रयत्न करते. काहीच होत नाही. मग सॅडनेस त्याच्या शेजारी जाऊन बसते, त्याचे काय हरवले ते त्याच्याच तोंडून ऐकून घेते, तो तिला बिलगून रडतो, आणि थोड्या वेळाने उठून चालू लागतो. यात एकही अमूर्त कल्पना नाही. चार वर्षांच्या मुलालाही कळते की एकीने केले ते उपयोगी पडले नाही आणि दुसरीने केले ते पडले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी १९९० च्या दशकात मुलाच्या भावना झटकून टाकणारे पालक आणि त्या ओळखून, नाव देऊन, सोबत करणारे पालक यांच्यात जो फरक मांडला, तो एवढ्या थोडक्यात आणि इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुठे दाखवला गेला असेल. लहान मुलाबरोबर चित्रपटातला एकच प्रसंग पुन्हा पाहायचा असेल, तर तो हाच असावा.

भीतीचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. जोॲन कँटर यांनी मुलांच्या पडद्यावरच्या भीतीचा दीर्घकाळ अभ्यास केला; त्यातून असे दिसते की शाळेत जायला लागण्याआधीच्या वयाची मुले रूपाला घाबरतात, तर मोठी मुले अर्थाला. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेतील साध्या माणसाचा हिरवा राक्षस होतो तो भाग, मोठ्या मुलांपेक्षा लहानांना अधिक भीतीदायक वाटल्याचे त्यांच्या एका अभ्यासात आढळले. ‘इनसाइड आउट’मध्ये सुप्त मनाच्या अंधाऱ्या गुहेत झोपलेला जँगल्स नावाचा राक्षसी विदूषक तीन-चार वर्षांच्या मुलाला रडवू शकतो, त्या वेळी हे खोटे आहे असे समजावण्यापेक्षा मांडीवर घेणे अधिक उपयोगी पडते, कारण त्या वयात स्पष्टीकरणाने भीती फारशी कमी होत नाही. रायलीचे घर सोडून जाणे हा मोठ्यांच्या दृष्टीने सर्वांत भयानक प्रसंग. लहान मूल मात्र तो बऱ्याचदा शांतपणे पाहते.

बिंग बाँगचे नाहीसे होणे या दोहोंच्या मधे बसते. जॉयला दरीतून वर जाता यावे म्हणून तो गाडीतून उडी मारतो आणि हळूहळू विरून जातो. प्रौढांना तेथे रडू येते ते स्वतःच्या हरवलेल्या बालपणासाठी. मार्जोरी टेलर व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार सातव्या वर्षापर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांना केव्हा ना केव्हा काल्पनिक सोबती, मग तो अदृश्य असो वा एखादे बोलके खेळणे, लाभलेला असतो. ज्या मुलाचा असा सोबती अजून रोज जेवायला शेजारी बसतो, त्याला विसरल्यामुळे मित्र संपतो ही कल्पना निराळ्याच तऱ्हेने लागू शकते. मृत्यू कायमचा असतो ही समज साधारणपणे पाच ते सात या वर्षांत पक्की होते, त्यामुळे बिंग बाँग परत कधी येईल, असा प्रश्न मुलाने विचारला तर येत नाही असे सरळ सांगावे. खोटा दिलासा देणे म्हणजे सॅडनेसला पुन्हा वर्तुळात उभे करणेच.

एक धोका मात्र कमी चर्चिला जातो. भावना डोक्यातल्या स्वतंत्र व्यक्ती आहेत आणि त्याच बटणे दाबतात, या चित्रामुळे मूल कोणाला मारल्यावर ‘हे रागाने केले’ असे म्हणू लागले तर ते कथेशी सुसंगतच ठरेल, कारण पडद्यावर रायली स्वतः काही ठरवताना जवळजवळ दिसतच नाही. येथे मोठ्यांनी चित्रपटाच्या पुढे एक पाऊल टाकून, राग येणे तुझ्या हातात नसले तरी हात उगारणे तुझ्या हातात आहे, हे सांगावे लागते. याच चित्राचा फायदाही तितकाच खरा आहे: पोटात दुखते असे म्हणून थांबणाऱ्या मुलाला आत कोण बोलते आहे, हे विचारता येते. हा चित्रपट इंग्रजीत किंवा हिंदीत पाहणाऱ्या मराठी मुलांशी नंतरचे बोलणे मराठीतच व्हावे. रुसणे, हिरमुसणे, धास्तावणे, हेवा वाटणे, ओशाळणे अशा अर्थच्छटा त्या पाच नावांत मावत नाहीत आणि घरच्या भाषेत त्या आयत्या मिळतात.

वयाची रेघ ओढायचीच असेल तर आठ ते बारा हे या चित्रपटाचे खरे वय मानावे, आणि पाच ते सात या वयात तो मोठ्या माणसाला शेजारी घेऊन, शक्यतो घरी, थांबवत थांबवत पाहावा. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिवसाला एक तासाची पडद्याची कमाल मर्यादा सुचवली असल्याने, चित्रपटगृहातली अखंड बैठक त्या वयात तशीही जास्तच होते. भारतात २०२३ च्या सुधारित कायद्याने सेन्सॉर प्रमाणपत्रांत पालकांच्या मार्गदर्शनासाठी सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे आणले, हे स्वागतार्ह आहे. मात्र एखादा विचार कोणत्या वयात समजेल, हे प्रमाणपत्र सांगू शकत नाही.

दुसऱ्या भागाची गोष्ट निराळी आहे. त्यात रायली तेरा वर्षांची झाली असून चिंता, हेवा, कंटाळा आणि ओशाळलेपण ही नवी पात्रे येतात. यांतल्या बहुतेक भावना इतरांच्या नजरेत स्वतःला पाहण्यातून जन्मतात, आणि ते पाहणे पौगंडावस्थेत तीव्र होते. सहा वर्षांच्या मुलाला त्यातली धावपळ आवडेल, पण चिंतेचे पात्र नियंत्रण-फलकाभोवती वावटळीसारखे फिरू लागते आणि रायलीचा श्वास कोंडतो, तो प्रसंग त्याच्यासाठी केवळ गोंधळाचा ठरेल. परीक्षेच्या किंवा सामन्याच्या आधी ज्या मुलीच्या छातीत असेच धडधडते, तिला मात्र हे इतरांनाही होते आणि काही वेळाने ओसरते, हे तेथे प्रथमच डोळ्यांनी दिसते. म्हणून दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना दुसरा भाग आवर्जून दाखवावा, आणि धाकटे भावंड सोबत असेल तर त्याच्यासाठी त्या दिवशी वेगळे काही काढून ठेवावे.