ढगमाथ्याची उंची कशी ठरते?

११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळील आमेर किल्ल्यासमोरच्या टेकडीवरील मनोऱ्यावर वीज कोसळून ११ जणांचा मृत्यू झाला. अशी वीज प्रत्येक ढगात निर्माण होत नाही. त्यासाठी ढगाचा माथा पुरेशा उंचीवर पोहोचावा लागतो आणि ती उंची चढती हवा व भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. खालून दिसणाऱ्या काळेपणावरून तिचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

तापलेल्या जमिनीलगतची हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. ती संपृक्त झाली की बाष्पाचे जलकण बनतात. तोच ढगाचा तळ. जमिनीलगतचे तापमान व दवबिंदू यांतील प्रत्येक अंशाच्या फरकामागे तळ सुमारे १२५ मीटर वर सरकतो. मे महिन्यात तापमान ४० व दवबिंदू १६ अंश असल्यास तळ ३ किलोमीटरवर जातो. मग पाऊस बहुधा वाटेतच आटतो आणि जयपूरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला केवळ आंधी येते.

माथ्याचे गणित निराळे. बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता मुक्त होते. त्यामुळे ढगाच्या खालच्या भागातील हवा दर किलोमीटरला ४ ते ६ अंशांनीच थंड होते. भोवतालापेक्षा उबदार असेतोवर ती चढत राहते. दोन्ही तापमाने जुळली की चढ मंदावतो व ढग ऐरणीसारखा आडवा पसरतो. पावसाळ्यात याची कमाल मर्यादा म्हणजे १६-१७ किलोमीटरवरील तपस्तब्धी. बहुतेक ढग तेथवर पोहोचतच नाहीत: वाळवंटाकडील कोरडी हवा मिसळून जलकण आटतात व ढग थंडावतो, हिवाळ्यात तर वरून उतरलेल्या हवेचा उबदार थर झाकणासारखा आडवा येतो.

जुलैत शून्य अंशाची पातळी सुमारे ५ ते ६ किलोमीटरवर असते. तिच्याखालीच थांबलेला ढग पाऊस देतो, वीज सहसा नाही. उणे १० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात हिमस्फटिक व मऊ गारकण आदळून विद्युतभार विभागला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी बरीच खाली असते, म्हणून तुलनेने बुटका ढगही गारा पाडू शकतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये याच महिन्यांत गारपीट सोसली. राजस्थानात तेव्हा मोहरी व गहू शेतात उभे असतात.

इन्सॅटच्या अवरक्त चित्रात थंड, म्हणजेच उंच माथा पांढराशुभ्र दिसतो. विरळ तंतुमेघही कधी तसाच भासतो, त्यामुळे डॉप्लर रडारची जोड हवी. शेतात असताना पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप अधिक उपयोगी: २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना ते देते.