छत झाकण्याआधी वर पाहा

पावसाळा सरला की भोर-वेल्ह्यातल्या घरांत रंगरंगोटीची बोलणी सुरू होतात. सह्याद्रीच्या कुशीत चार महिने कोसळलेल्या पावसाने छतावर ओलीचे काळे-पिवळे डाग उमटवलेले असतात. कुठे सिमेंटचा पत्रा, कुठे जुन्या वाड्याचा कडीपाट, तर कुठे पोपडे सुटलेला स्लॅब. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की नजर नेमकी तिथेच जाते. मग दिवाळीपूर्वी छत झाकून घ्यायचे ठरते आणि स्वस्त व झटपट म्हणून थर्माकोलच्या टाइल्स किंवा पीव्हीसीची पॅनेल्स पसंत केली जातात. पण झोपण्याच्या खोलीत छत निवडताना रंग आणि नक्षी यांच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. खोलीत आग लागली, तर हे छत काय करील?

धूर आधी वर जातो

आगीत तापलेली हवा आणि धूर वर चढतात आणि छताखाली साचतात. त्यामुळे छताचे आवरण फार लवकर तापते. ते जळणारे असेल तर आग डोक्यावरून खोलीभर पसरते. गाढ झोपेत धुराचा वास येऊन जाग येईलच, याचा भरवसा नसतो. ब्राझीलमधील सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ रोजी एका नाइट क्लबच्या छताला लावलेल्या फोमने पेट घेतला. त्या दुर्घटनेत २४२ जण मरण पावले. बहुतेकांचा जीव विषारी धुराने घेतला.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. ते सुमारे १०० अंश सेल्सिअसलाच मऊ पडते, आकसते आणि पेटले की त्याचे जळते थेंब अंथरुणावर पडू शकतात. त्यावर ऑइल पेंट दिला तर आग आणखी वेगाने पसरते. पीव्हीसी सहजासहजी पेट घेत नाही, हे खरे. मात्र त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. ते जळू लागले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि डोळे व श्वासनलिका होरपळतात.

जिप्समचे तसे नाही. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग रासायनिक बंधातले पाणी असते. तापल्यावर ते पाणी वाफ होऊन निघते आणि तेवढा वेळ आगीची धग अडते. म्हणूनच कोरड्या खोलीत जिप्सम बोर्ड किंवा पीओपी हा चांगला पर्याय ठरतो. पण जिथे छत गळते तिथे जिप्सम ओल धरते, खाली झुकते आणि बोर्डाच्या कागदावर बुरशी वाढते. बुरशीमुळे दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढतो. अशा ठिकाणी ‘नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस’ असे स्पष्ट लिहिलेला फायबर सिमेंट बोर्ड बरा. तो जळत नाही आणि ओलही बऱ्यापैकी सोसतो.

पत्र्याला भोक पाडू नका

सिमेंटच्या पत्र्याखाली झोपणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. अशा अनेक पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगाला कारण ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजार उमटायला अनेकदा २० ते ४० वर्षे लागतात. धड, न फुटलेल्या पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. धोका वाढतो तो पत्रा कापताना, त्याला ड्रिलने भोक पाडताना किंवा शेवाळ काढण्यासाठी तो कोरडाच तारेच्या ब्रशने घासताना. म्हणून नव्या छताचा सांगाडा पत्र्याला नव्हे, तर भिंतींना किंवा स्वतंत्र लोखंडी चौकटीला बसवावा. पत्रा फुटलेला असेल तर तुकडे ओले करून उचलावेत. कोरडा झाडू मारू नये.

आधी गळती, मग सजावट

गळका स्लॅब झाकला म्हणून गळती थांबत नाही. आतली सळई गंजत राहते, प्लॅस्टर सुटते आणि ते कोसळेपर्यंत कुणाला कळत नाही. कडीपाटाची वाळवीही अशीच आवरणाआड लाकूड पोखरत राहते. म्हणून पावसाळा संपताच आधी गळती काढावी, वाळवीचा बंदोबस्त करावा आणि छत पूर्ण वाळू द्यावे. छताच्या पोकळीत उंदीर वायर कुरतडतात. त्यामुळे सर्व वायरिंग पाइपमधून न्यावे, सांधे उघडे ठेवू नयेत आणि पाहणीसाठी एक झाकण ठेवावे.

आणि स्लॅब धड असेल, फक्त कळकट दिसत असेल, तर झाकायची गरजच काय? खरवडून, वाळवून चुन्याचे दोन हात दिले तरी खोली उजळते. चुना जळत नाही, बुरशीला सहजी थारा देत नाही आणि वर कुठे नवी ओल आली तर ती लगेच दिसते.